पिवळे पाय, पांढरी पिसं

प्रदर्शनासाठी कोंबडी कशी तयार करतात, असं विचारणाऱ्याला खरं तर फक्त आंघोळीची गंमत ऐकायची असते. कोंबडीला शाम्पू लावतात, ड्रायरने वाळवतात, नखं कापतात हे ऐकलं की कराडकडचे आमचे नातेवाईक पोट धरून हसतात आणि फोन ठेवता ठेवता "मग मसाला कधी लावता?" हेही विचारून घेतात. आंघोळीचं मी सांगणार आहेच. पण ती शेवटच्या आठवड्यातली. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कोंबडी एकतर प्रदर्शनाची असते किंवा नसते. साबणाने त्यात काही बदलत नाही.

मी राहते ते साऊथ यॉर्कशायरमधलं एक जुनं खाणीचं गाव. कोळशाची खाण कधीच बंद पडली, पण खाणकामगारांसाठी बांधलेला वेल्फेअर हॉल अजून उभा आहे. एरवी तिथे बिंगो आणि लग्नाच्या पार्ट्या चालतात. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मात्र पहाटेपासून कोंबडे आरवत असतात. कबुतरं, व्हिपेट जातीची कुत्री आणि बँटम कोंबड्या ही या भागातल्या खाणकामगारांची जुनी वेडं. आमच्या शेजारचे आजोबा त्यांतलेच. आजोबा मी इथे लिहिताना म्हणते. तोंडावर त्यांना नावानेच हाक मारावी लागते, आणि ते मला इथल्या रिवाजाप्रमाणे 'लव्ह' म्हणतात. पहिल्यांदा ते ऐकून आमचे 'हे' जरा चपापले होते.

माझ्याकडे तेव्हा परसात तपकिरी हायब्रिड कोंबड्या होत्या. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या, दाणे टाकणाऱ्याच्या पायांत घुटमळणाऱ्या, साध्याभोळ्या. आजोबांनी एकदा कुंपणावरून त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "अंडी भरपूर देत असतील, लव्ह. पण यांच्याकडे बघावं असं काय आहे?" मला राग आला. आमच्या आईने कोंबडीकडे बघितलं ते हाताने. छातीचं हाड चाचपून मांस किती चढलंय ते पाहायचं, तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, अंड्यावर आली का हे कळायला मागच्या दोन हाडांमध्ये किती बोटं बसतात ते पाहायचं, की झालं. अंड्यांचे पैसे हे तिच्या एकटीच्या मालकीचे पैसे होते, त्यांचा हिशेब ती वडिलांना देत नसे. कोंबडी देखणी आहे की नाही हा प्रश्न त्या खुराड्यात कुणाला पडलाच नसता.

तरी पुढच्या फेब्रुवारीत आजोबांनी त्यांच्या पांढऱ्या वायनडॉट बँटमची अंडी दिली, आणि ती उबवायला त्यांचीच खुडूक बसलेली सिल्की कोंबडीही उसनी दिली, तेव्हा मी नको म्हटलं नाही. वायनडॉट ही मूळची अमेरिकेची जात, बँटम म्हणजे तिची छोटी आवृत्ती. एकविसाव्या दिवशी पिवळसर पिलं बाहेर आली आणि माझं शिक्षण सुरू झालं.

पहिला धडा पुस्तकाचा. 'ब्रिटिश पोल्ट्री स्टँडर्ड्स' नावाचा एक जाडजूड ग्रंथ इथल्या प्रत्येक कोंबडीवाल्याच्या घरी असतो. त्यात जातवार वर्णन आहे. तुरा कसा, डोळा कुठल्या रंगाचा, पाठ किती आखूड, शेपटीचा पसारा किती, आणि या सगळ्याला मिळून 100 गुण. परीक्षक शेजारच्या दोन पिंजऱ्यांतली कुठली कोंबडी छान दिसते हे ठरवत नाही. प्रत्येक पक्ष्याची गाठ त्या छापील वर्णनाशी असते, आणि त्या वर्णनाबरहुकूम कोंबडी अजून कुणी पाहिलेली नाही.

या छंदामागचा इतिहास मला त्या कोंबड्यांइतकाच आवडतो. इंग्लंडमधलं पहिलं मोठं कोंबड्यांचं प्रदर्शन 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात भरलं. चार वर्षांनी, 1849 च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी पक्की झाली. झुंजीवर लावायची ईर्ष्या मग पिंजऱ्यात आली. त्यात राणी व्हिक्टोरियाला चीनकडच्या भल्यामोठ्या कोचीन कोंबड्या मिळालेल्या, त्यामुळे बड्या घरांतूनही कोंबड्यांची साथच आली. आदर्श कोंबडीचं वर्णन लिहून काढायचा पहिला उद्योग 1865 मध्ये टेगेटमायर नावाच्या गृहस्थांनी तडीस नेला. हेच गृहस्थ कबुतरं आणि कोंबड्यांविषयी डार्विनला माहिती पुरवत असत. आज जो पोल्ट्री क्लब हे पुस्तक काढतो तो 1877 चा.

पुस्तक वाचून पिलांकडे बघायला लागले आणि निम्मी पहिल्या काही आठवड्यांतच बाद झाली. वायनडॉटचा तुरा 'रोज कोंब' म्हणवतो, म्हणजे उभा पात्यासारखा नसून डोक्यावर चपटा बसलेला, वर बारीक मण्यांसारखा खडबडीतपणा आणि मागचं टोक मानेच्या वळणाबरोबर खाली उतरलेलं. पण या जातीत अधूनमधून साधा उभा तुरा घेऊन एखादं पिलू येतंच. मला ते पाहून वाटलं की अंड्यांत भेसळ झाली. आजोबा म्हणाले, ते पिलू मादी असेल तर ठेव, पुढे लागेल. कारण त्यांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होतं, शास्त्रज्ञांनी ते अलीकडे जनुकात शोधून काढलं. आई आणि बाप दोघांकडूनही 'रोज कोंब' तुऱ्याचा वारसा मिळालेल्या नराची प्रजननशक्ती कमी पडते. सगळे तुरे आदर्श ठेवत गेलं की अंडी पोकळ निघायला लागतात. म्हणून ज्या कोंबडीला प्रदर्शनात कुणी दारातही उभं करणार नाही, तिला जाणते लोक घरी जपून ठेवतात.

जास्तीच्या कोंबड्यांचं म्हणजे नरांचं काय केलं, हे लिहायला मला लाज वाटायचं कारण नाही. खाल्ले. मसाला तेव्हा लावला.

उरलेल्यांतल्या दोन तलंगा दिसायला बऱ्या होत्या. आता खरी कसरत सुरू होते, आणि ती समजायला वायनडॉटच्या पुस्तकातल्या दोन ओळी पुरतात. पिसं शुद्ध पांढरी हवीत. पाय झळझळीत पिवळे हवेत. हे दोन्ही एका कोंबडीच्या अंगावर एकाच दिवशी आणणं म्हणजे तयारी. बाकी सगळं किरकोळ.

पायांचा पिवळा रंग येतो खाण्यातून, मका आणि हिरवं गवत यांतून. पण तोच रंग पीस वाढत असताना पिसात उतरतो आणि पांढरी कोंबडी तुपकट दिसायला लागते. म्हणून पिसं वाढायच्या दिवसांत मका बंद, गवत बेताचं. पिसं पक्की झाली की मका पुन्हा सुरू, आता तो रंग पायांत जाऊ दे. हे वेळापत्रक आजोबांकडे कुठे लिहिलेलं नाही. ते रोज एक पंख उचलून पिसाच्या दांड्याचं मूळ पाहतात. दांडा निळसर, रसरशीत असला तर पीस अजून वाढतंय. पांढरा, कोरडा झाला की काम पुरं. ऊनही तसंच. उन्हाळ्यातलं थेट ऊन पांढऱ्या पिसांवर पितळी झाक आणतं. आमच्या गावी जनावराला उन्हात सोडायचं ते अंग मोकळं व्हावं म्हणून. इथे मी जुलैत माझ्या कोंबड्यांना पत्र्याखाली सावलीत ठेवत होते आणि बाहेर ऊन खात बसलेल्या हायब्रिड मला जरा जास्तच सुखी दिसत होत्या.

आणि मग अंडी. अंड्यावर आलेली कोंबडी पिवळ्या बलकासाठी तो रंग स्वतःच्या अंगातून काढून देते. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी पडते, मग डोळ्यांभोवतीची कड, मग चोच, सरतेशेवटी पाय. जुन्या कोंबडीवाल्यांना कोंबडी किती दिवस अंडी घालते आहे हे तिचे पाय पाहून सांगता येतं ते यामुळेच. म्हणजे ज्या लक्षणावरून आईने 'ही ठेवा, ही अंडी देणारी आहे' असं म्हटलं असतं, त्याच लक्षणाला इथे गुण कापतात. जाणते लोक पिलं अशी काढतात, की प्रदर्शनाच्या सुमाराला तलंग नुकती कुठे लाल तोंडाची होईल, पाय पिवळे असतील आणि पहिली अंडी आली न आली अशी वेळ असेल. काही जण उजेड आणि खाणं कमी करून अंड्यावर येणं लांबवतात. आजोबांनीही तो मार्ग सांगितला. मी तो घेतला नाही. माझ्या दोघीही ऑगस्टअखेर अंड्यावर आल्या. लहानशी, फिकट तांबूस, चवीला उत्तम अंडी. त्यांना मी अडवणार नव्हते.

उवांचं मात्र आवर्जून सांगायला हवं, कारण नवशिका माणूस तुरा बघतो आणि परीक्षक आधी कोंबडी उलटी करतो. गुदद्वाराजवळची पिसं फुंकर घालून दुभंगली की पिसांच्या मुळाशी उवांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके चिकटलेले दिसतात, साखरेचे दाणे ओले होऊन चिकटावेत तसे. ते दिसले की कोंबडी कितीही देखणी असो, नंबर गेला. लाल माइट हा त्याहून लबाड जीव, तो दिवसा कोंबडीवर नसतोच. दांडीच्या खोबणीत, लाकडाच्या फटींत लपतो आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडतो. म्हणून औषध कोंबडीला लावायचं तसं खुराड्यालाही, आणि ते प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नाही, महिनोन् महिने.

पिंजऱ्याची सवय प्रदर्शनाच्या दोन-तीन आठवडे आधी. परसात मोकळी फिरलेली कोंबडी तारेच्या पिंजऱ्यात ठेवली की कोपऱ्यात अंग चोरून बसते, आणि अंग चोरलेल्या कोंबडीचा बांधा दिसत नाही. म्हणून गॅरेजमध्ये पिंजरा मांडून रोज थोडा वेळ ठेवायचं, येता-जाता हाताने गव्हाचे दाणे भरवायचे, छडीने हळूच पोटाखाली टोकरून ताठ उभं राहायला शिकवायचं. परीक्षकाच्या हातात तशीच छडी असते. पिंजऱ्यातून काढताना आणि ठेवताना कोंबडीचं डोकं पुढे हवं, नाहीतर पिसं तारेत अडकून मोडतात. मोडलेलं पीस गळून किंवा उपटून गेल्याशिवाय त्या जागी नवं येत नाही, आणि उपटलंच तर नवं पुरं व्हायला दीड-दोन महिने लागतात. सप्टेंबरनंतर मोडलेल्या पिसावर इलाज नाही.

आता आंघोळ. प्रदर्शनाच्या तीन-चार दिवस आधी, म्हणजे पिसांवरचं नैसर्गिक तेल परत यायला वेळ मिळतो. आमच्या स्वयंपाकघरात तीन टब मांडले होते. पाणी कोंबट, बाळाला घालतो तेवढं. पहिल्या टबात बाळाचाच शाम्पू. कोंबडी मानेपर्यंत पाण्यात ठेवली की पहिलं अर्धं मिनिट फडफडते, मग ऊब अंगात शिरली की डोळे मिटते. अगदी झोपते, मान सांभाळावी लागते, नाहीतर चोच पाण्यात जाईल. हात फिरवायचा तो डोक्याकडून शेपटीकडे, उलट कधीच नाही. पिसाचे केस एकमेकांत आकड्यांनी गुंतलेले असतात, उलट चोळलं की ती वीण उसवते. पायांच्या खवल्यांतली घाण मऊ टूथब्रशने आणि टूथपिकने. दुसऱ्या टबात थोडं व्हिनेगर, साबणाचा चिकटा जायला.

तिसऱ्या टबात नीळ. मला वाटलं होतं नीळ ही आपल्या सदऱ्या-धोतरांची गोष्ट. पण आजोबांनी कपाटातून काढली ती रेकिट्सच्या निळीची जुनी वडी, त्यांच्या आईच्या धुण्याच्या काळातली. रेकिट ही इथल्याच हल शहरातली कंपनी. आपल्याकडची रॉबिन नीळही त्याच घराण्यातली. पाण्यात अगदी पुसट निळाई दिसेल इतकीच घालायची. जास्त झाली तर कोंबडी पोपटांच्या वर्गात उतरवावी लागेल, असं आजोबा म्हणाले. मी विचारलं, ही फसवणूक नाही का? कारण रंगवणं, ब्लीच करणं, पीस कातरून आकार देणं या गोष्टी नियमात बसत नाहीत. उघडकीला आल्या तर पक्षी बाद होतो. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, धुतलेलं चालतं, रंगवलेलं नाही. नीळ नेमकी कुठे मोडते यावर त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

मग टॉवेल आणि कमी आचेवरचा ड्रायर. वायनडॉटची पिसं मऊ असायला हवीत, त्यामुळे आतली लव पुरती वाळेपर्यंत थांबता येत नाही, हात दुखून येतो. आमच्या 'ह्यां'नी ड्रायर धरला. कोंबडीने मान वळवून गरम वाऱ्यासमोर पंख पसरला तेव्हा ते म्हणाले, "हिला आता बिल द्यायचं बाकी आहे."

प्रदर्शनाच्या सकाळी तुऱ्याला आणि पायांना व्हॅसलिनचं बोट, अंगावरून रेशमी रुमाल. माझा रुमाल जुन्या इरकली साडीचा तुकडा होता. हॉलमध्ये तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगा, खाली पांढरा लाकडाचा भुसा, प्रत्येकावर नुसता क्रमांक. मालकाचं नाव नाही. पक्षी ठेवायचे आणि बाहेर जायचं. परीक्षण चालू असताना मालकांना आत थारा नाही. दाराच्या काचेतून दिसतं तेवढंच. पांढऱ्या कोटातला परीक्षक, त्याच्यामागे वही घेतलेला मदतनीस. परीक्षक पिंजऱ्यासमोर नुसताच उभा राहून पुष्कळ वेळ बघतो, मग हात आत घालून पक्षी काढतो, पंख पंख्यासारखा उघडतो, पोटाखालची पिसं दुभंगतो, ठेवतो, पुन्हा दूर होऊन बघतो.

टेबलावर अंड्यांचाही वर्ग असतो आणि तो मला फार आवडतो. एका बशीत तीन अंडी, आकार, रंग, कवच सगळं जुळणारं. परीक्षक त्यांतलं एक फोडून बशीत ओततो. बलक गोल, उंच राहिला पाहिजे, पांढरा भाग घट्ट, हवेची पोकळी लहान. म्हणजे अंडं ताजं. तीन सारखी अंडी शोधायची तर आठवडाभराची टोपली उपसावी लागते. माझ्या बशीतलं एक अंडं इतर दोघांपेक्षा किंचित लांबट होतं. बक्षिसाचं कार्ड नाही मिळालं.

माझ्या एका तलंगेला मात्र तिसरं कार्ड मिळालं. नंतर परीक्षकांशी बोलता येतं. त्यांनी कोंबडी हातात धरून दाखवलं. तुरा चांगला, पाठ चांगली, पिसं छान धुतलेली, पण पाय उतरलेत. "अंडी घालते ना?" मी म्हटलं, ऑगस्टपासून. "मग असं होणारच," ते म्हणाले आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. पहिल्या नंबरच्या तलंगेचे पाय हळदीत बुडवल्यासारखे होते. तिने अजून एकही अंडं घातलेलं नव्हतं, हे तिच्या मालकानेच अभिमानाने सांगितलं.

या प्रकाराबद्दल माझं मत स्वच्छ आहे. प्रदर्शनांनी जाती वाचवल्या आणि प्रदर्शनांनीच बिघडवल्या. ऑर्पिंग्टनचं पाहा. 1886 मध्ये केंट परगण्यात विल्यम कुक यांनी ती काढली ती अंडी आणि मांस दोन्हींसाठी, सामान्य घरासाठी. प्रदर्शनवाल्यांना तिची पिसं आवडली. पिढ्यान् पिढ्या पिसं निवडत गेले आणि आजची प्रदर्शनी ऑर्पिंग्टन म्हणजे मोठी उशी, अंडी जेमतेम. उलट, दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापारी फार्म हायब्रिडकडे वळले तेव्हा या जुन्या जातींना कुणी विचारत नव्हतं. त्या शिल्लक राहिल्या त्या परसात कोंबड्या पाळून वर्षातून एकदा हॉलमध्ये आणणाऱ्या आजोबांसारख्या लोकांमुळे. यात आपलाही हिशेब आहे. कॉर्नवॉलमध्ये घडलेल्या 'इंडियन गेम' कोंबडीत आपल्या असीलचं रक्त आहे, आणि आजच्या ब्रॉयलरच्या रुंद छातीमागे तीच कॉर्निश कोंबडी आहे. पुण्याच्या दुकानात लटकणारी ब्रॉयलर इंग्लंड-अमेरिका फिरून आलेली आहे.

अलीकडे या सगळ्यावर बर्ड फ्लूची छाया असते. गेल्या काही हिवाळ्यांत पक्षी एकत्र आणण्यावर बंदी येऊन प्रदर्शनं रद्द झाली आहेत. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी पाळणाऱ्यालाही सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्यावर इथे कुरकुर पुष्कळ झाली. मी कुरकुरले नाही. भारतातली पहिली साथ 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला आली होती आणि परसातल्या कोंबड्याही कशा उचलून नेल्या हे त्या वेळी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. प्रदर्शनातून आलेला पक्षी म्हणूनच थेट कळपात सोडायचा नाही. काही दिवस वेगळा ठेवायचा, त्याला दाणापाणी सगळ्यात शेवटी द्यायचं आणि बूट बदलायचे.

त्याच नवापूर-नंदुरबारच्या आणि लगतच्या गुजरातेतल्या आदिवासी घरांतून बसरा नावाची कोंबडी पिढ्यान् पिढ्या आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची जात म्हणून नोंद केली आहे. खिलार बैलाला मैदानात फिरवून नंबर देणाऱ्या आपल्या कृषी प्रदर्शनांच्या संयोजकांना माझी विनंती आहे, की एक रांग पिंजऱ्यांची बसऱ्यासाठी मांडा, तिला सांभाळणाऱ्या बायकांना बोलवा. आणि आमच्या इथल्यासारखं करू नका. नंबर देताना पिसांबरोबर त्या बाईला वर्षात किती अंडी मिळाली तेही विचारा आणि त्याचे गुण धरा.